चेहऱ्यासाठी दान, प्रयोगशाळेसाठी का नाही?

2021 साली मुंबईतल्या एका तान्ह्या बाळाच्या इंजेक्शनसाठी लोकांनी 16 कोटी रुपये उभे केले, केंद्र सरकारने त्यावरचा कर माफ केला आणि स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी हे स्नायू दुबळे करत नेणाऱ्या जनुकीय आजाराचं जिभेवर न बसणारं नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. तेव्हापासून अधूनमधून असं एखादं बाळ व्हॉट्सॲपवर येतं आणि त्याच्या पाठोपाठ तोच वाद येतो. एका मुलावर एवढा पैसा घालायचा का? सरकारने द्यावा की लोकांनी? मागे आमच्या घरच्या ग्रुपवर हे पुन्हा पेटलं तेव्हा माझ्या मावसभावाने लिहिलं, "सरकारपुढे कशाला हात पसरायचे? तिकडे अमेरिकेत लोक सायकली चालवून औषधं शोधतात."

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यानेच सगळा घोटाळा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ऑर्फन डिसीज सेंटरने, म्हणजे दुर्मीळ आजारांच्या केंद्राने, 2014 मध्ये संशोधनासाठी निधी जमवणारी 'मिलियन डॉलर बाइक राइड' ही सायकल फेरी सुरू केली. इथे टीम कंपनीची किंवा गावाची नसते, आजाराची असते. जर्सीवर आजाराचं नाव, आणि बहुतेक नावं अशी की डॉक्टर माणसानेही दोनदा वाचावीत. मी अमेरिकेतच राहते आणि या राइडमध्ये पाण्याच्या टेबलामागे उभी होते. एक बाप थांबला, बाटली भरून घेतली, उतरलेली चेन चढवली, तेलकट हात पँटला पुसले आणि खिशातून लॅमिनेट केलेला मुलीचा फोटो काढून शेजारी थांबलेल्या बाईंना दाखवला. त्यांच्या हँडलला मुलाचा फोटो बांधलेला होता. दोन मुलं, दोन वेगळे आजार. पण मिनिटभरात गप्पा एन्झाइमवर, उंदरांवरच्या प्रयोगांवर आणि कुठल्या शास्त्रज्ञाने ईमेलला उत्तर दिलं यावर गेल्या. त्या शाळेत शिकवतात आणि तो प्लंबर आहे, हे मला नंतर कळलं.

या राइडचा पैसा कुठल्याही एका मुलाच्या उपचाराला जात नाही, आणि मला तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. टीमने जमवलेल्या रकमेत सेंटर ठरावीक मर्यादेपर्यंत तेवढीच भर घालतं. मग त्या त्या आजारावर काम करू इच्छिणाऱ्या, जगात कुठेही बसलेल्या संशोधकांकडून प्रस्ताव मागवले जातात, तज्ज्ञ ते तपासतात आणि छोटी सुरुवातीची अनुदानं दिली जातात. औषध शोधायला लागणाऱ्या पैशापुढे ही रक्कम अगदीच किरकोळ असते. पण मोठ्या अनुदानासाठी अर्ज करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो "तुमच्या हातात आत्ता काय आहे?" रुग्णांच्या त्वचेतून वाढवलेल्या पेशी, तो दोष असलेला उंदीर, आजार वयानुसार कसा बळावतो याची नोंद, यातलं काहीच नसेल तर अर्ज तिथेच पडतो. एखाद्या आजाराचे रुग्ण देशात काहीशे असतील तर ही पहिली पायरी बांधायला कंपनी येत नाही. ती पायरी आईबाप बांधतात. जगात सुमारे 7,000 दुर्मीळ आजार मोजले जातात आणि त्यातल्या बहुसंख्य आजारांवर आजही मान्यताप्राप्त औषध नाही.

आईबापांचा असा पैसा कुठवर जाऊ शकतो, हे सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसं निकामी करत नेणाऱ्या जन्मजात आजाराने दाखवलं. 1955 साली पालकांनीच उभारलेली अमेरिकेतली सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन ही संस्था आजही सायकल फेऱ्या घेऊन निधी जमवते. देणग्यांचा पैसा तिने औषध कंपनीच्या संशोधनात घातला. 2012 मध्ये त्यातून आजाराच्या मुळावर काम करणारं पहिलं औषध बाजारात आलं आणि 2014 मध्ये संस्थेने आपले रॉयल्टीचे हक्क 3.3 अब्ज डॉलरना विकले. त्या औषधाची बाजारात आल्यावरची किंमत मात्र वर्षाला तीन लाख डॉलरच्या घरात होती. ज्यांच्या देणग्यांवर हे औषध उभं राहिलं, त्यांना ते विम्याशिवाय परवडणारं नव्हतं. देणगी देतानाच औषधाच्या किमतीची अट घालायला हवी, हे मी इथल्या अनुभवावरून ठामपणे म्हणते.

आता भावाच्या वाक्यातला चुकीचा भाग. अमेरिकेत औषधं सायकलींवर शोधली जात नाहीत. दुर्मीळ आजारांवर औषध काढणाऱ्या कंपन्यांना करसवलत आणि बाजारात सात वर्षांची मक्तेदारी देणारा कायदा इथे 1983 साली झाला. वैद्यकीय संशोधनासाठी नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थला सरकार वर्षाला 40 अब्ज डॉलरहून जास्त देत आलं आहे. राइड उभी आहे ती या पायावर. शिवाय ज्या आजाराच्या कुटुंबांकडे ओळखी नाहीत, रजा नाही, इंग्रजी नाही, त्या आजाराची टीमच नसते. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की ते नजरेतून सुटत नाही. दानातून सगळं व्हावं म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं.

भारतात दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण 2021 मध्ये आलं. ठरवून दिलेल्या केंद्रांवर, म्हणजे मुंबईत केईएममध्ये, एका रुग्णाला 50 लाखांपर्यंत मदत मिळते. गोशे किंवा पॉम्पेसारख्या आजारात शरीरात नसलेलं एन्झाइम शिरेतून आयुष्यभर द्यावं लागतं आणि त्याची मात्रा वजनावर ठरते. उपचार लागू पडला, पोर अंग धरू लागलं, की खर्च वाढतो. इतर आईबाप लेकराचं वजन वाढलं की हरखतात, यांच्या पोटात गोळा येतो, कारण 50 लाख आणखी लवकर संपणार असतात. ते संपले की पुढे काय, याचं उत्तर धोरणात नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राष्ट्रीय निधी उभारून दोन आर्थिक वर्षांसाठी 974 कोटी रुपये ठेवायला सांगितलं, तर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. बाकी भार टाकला आहे तो देणग्यांच्या सरकारी पोर्टलवर.

मला हे उलटं वाटतं. चालू असलेला उपचार तुटू न देणं हे सरकारचं काम आहे, आणि ते लोकांच्या दयेवर सोडणं अन्यायाचं आहे. लोकांच्या पैशाने पहिली पायरी बांधावी. आणि भारतात ती बांधण्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. 2017 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांच्या गटाने दक्षिण आशियातल्या 260 हून अधिक समाजगटांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. पिढ्यान् पिढ्या जातीतच लग्नं झाल्याने मोजक्या पूर्वजांचे दोष पुढे चालत येतात, आणि 81 गटांत हा परिणाम युरोपातल्या अश्कनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र दिसला. त्या ज्यू समाजाने आपल्यातल्या टे-सॅक्स या लहानपणीच जीव घेणाऱ्या जनुकीय आजारासाठी 1971 पासून चाचण्या सुरू केल्या आणि तो आजार आपल्यात जवळजवळ संपवत आणला. आपल्या 81 गटांपैकी किती समाजांच्या मंडळांनी आपापल्या आजारासाठी निधी काढला आहे? वधूवर मेळावे भरतात, विद्यार्थ्यांचे सत्कार होतात, सभागृहं बांधली जातात. पैसा आणि संघटना दोन्ही आहेत. आपल्याकडे शास्त्रज्ञही आहेत: वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाने हिमोफिलिया या रक्त न गोठण्याच्या आजारावरची जनुकीय उपचारपद्धती पाच रुग्णांवर वापरली आणि 2024 च्या अखेरीस तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

आम्हा बाहेरच्यांनाही यात भर घालायची आहे, आणि तिथे कायदा आडवा येतो. विदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 साली झालेल्या दुरुस्तीनुसार परदेशातून आलेली देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही. म्हणजे एका ठिकाणी पैसा गोळा करायचा, तज्ज्ञांकडून प्रस्ताव तपासून घ्यायचे आणि निवडलेल्या प्रयोगशाळांना अनुदान द्यायचं, ही राइडची पद्धत परदेशी पैशावर भारतात चालवताच येत नाही. भारतीय नागरिकाने परदेशातल्या आपल्या बचतीतून दिलेली रक्कम विदेशी धरत नाहीत. माझ्यासारख्या नागरिकत्व बदललेल्यांची, परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, धरतात. दुर्मीळ आजारांच्या संशोधनापुरती या कलमातून सूट द्या, लोक जमवतील तेवढी भर सरकारने घाला आणि त्या पैशातून निघालेलं औषध भारतात कोणत्या किमतीला विकलं जाईल हे अनुदानाच्या करारातच लिहून घ्या. मराठी मंडळांच्या पुढच्या अधिवेशनांत ठराव मांडायचेच असतील, तर या तीन मागण्यांचा मांडावा. मसुदा करायला मी तयार आहे.