अंगण आधी होतं, महामार्ग नंतर आला

कुठे ट्रक घरात घुसला की दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर तोच मजकूर फिरू लागतो: 'रस्त्याला खेटून घरं बांधायची आणि गाडी आत आली की रडायचं. ब्रेक फेल झाले तर चालक काय करणार? पुढे भिंत घाला, नाहीतर नुकसान सोसा.' ज्यांचं घर मोडलं त्यांनाही हे वाचावं लागतं, याचा मला संताप येतो.

मुळात खेटून कोण आलं? माझ्या मावशीचं कोकणातलं चिऱ्याचं घर महामार्गाच्या वळणावर आहे. माझ्या लहानपणी मध्ये अंगण होतं, तुळस होती, फणस होता. रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून ओटीवर जायचो. रुंदीकरणात अंगण गेलं, फणस गेला, रस्त्यावर थरावर थर चढले. आता दोन पायऱ्या उतरून घरात जावं लागतं. चार वर्षांपूर्वी पहाटे भरलेला टेम्पो थेट पडवीत आला. मावशी मागच्या दारी चुलीपाशी होती म्हणून वाचली. झोपाळ्याची एक कडी अजून वाशाला लटकते आहे. रस्ता झाल्यावर कडेला टपऱ्या उभ्या राहतात हे खरं, पण त्यांचा हिशेब मावशीच्या माथी का?

ब्रेक फेल होणं म्हणजे दैवाचा घाला नव्हे. लांब उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकली की इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात, मग पाय कितीही दाबा. खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरलं तर ही वेळ सहसा येत नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार यासाठीच बदनाम आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. धुळे जिल्ह्यात पळासनेरला ४ जुलै २०२३ रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना उडवत हॉटेलात शिरला. किमान दहा माणसं गेली.

भिंतीचं म्हणाल तर वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. भरलेल्या ट्रकपुढे घरगुती भिंत टिकत नाही. वळणावर भक्कम काँक्रीटचा कठडा रस्ता बांधणाऱ्यानेच घालायचा असतो.

आणि नुकसान सोसायचं का? गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही येतं. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. गाडी हलवण्याआधी फोटो काढा, गाडीचा नंबर टिपून ठेवा, पंचनाम्यात एकेक वस्तू लिहून घ्या. मावशीच्या पंचनाम्यात 'पडवीचे नुकसान' एवढंच होतं. झोपाळा, तुटलेले वासे, भाताची कणगी कुणी मोजलीच नाही.