रोड बाईकच्या त्या ‘पाच नियमां’ना उत्तर

सोलापुरातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरत असतो: ‘रोड बाईक नवीसारखी ठेवण्याचे पाच नियम’. रोड बाईक म्हणजे पातळ टायरची, डांबरी रस्त्यावर वेगानं चालवायची सायकल. थोडक्यात मजकूर असा. एक, दर रविवारी वॉशिंग सेंटरवर सायकल प्रेशरने धुऊन घ्या. दोन, चेन रॉकेलने साफ करून तिला भरपूर इंजिन ऑइल पाजा. तीन, टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत हवा भरा. चार, ब्रेक आवाज करू लागला तर रिमला किंवा डिस्कला तेलाचा हात फिरवा. पाच, एवढं केलं की चेन तुटेपर्यंत बदलावी लागत नाही.

पहिली महागडी सायकल घेतलेली मुलं हे वाचून तसंच करतात. म्हणून नुसतं ‘चूक आहे’ म्हणून भागणार नाही, का चूक आहे ते सांगायला हवं.

सुरुवात चौथ्या नियमापासून करतो, कारण बाकीच्या चारांनी सायकल खराब होईल, यानं माणूस जाईल. ब्रेक चालतो तो घर्षणावर. काही सायकलींत ब्रेकचा रबरी शू चाकाच्या रिमला दाबतो, काहींत पॅड चाकाच्या मध्याजवळच्या धातूच्या चकतीला, म्हणजे डिस्कला. रिमवर तेलाचा थर आला की ब्रेक शू नुसता घसरतो. डिस्कचं तर त्याहून वाईट, कारण पॅड तेल पिऊन घेतो आणि मग डिस्क कितीही पुसली तरी पकड परत येत नाही. बहुतेक वेळा पॅड टाकूनच द्यावे लागतात. तुळजापूरहून परत येताना घाट उतरणारा माणूस पुढचा ट्रक थांबलेला पाहून दोन्ही लिव्हर दाबतो तेव्हा काय होईल, याचा विचार हे लिहिणाऱ्यानं केलेला नाही. ब्रेक कुरकुरतो तो रिमवर मळ बसल्यामुळे, शूचा पृष्ठभाग गुळगुळीत झाल्यामुळे किंवा शू वाकडा बसल्यामुळे. शू काढून बारीक सॅंडपेपरवर हलका घासा. त्यात रुतलेली खडीची कच आणि ॲल्युमिनियमचे चमकते कण टाचणीनं टोकरून काढा, नाहीतर तेच रिम कापत राहतात. बसवताना शूचं पुढचं टोक रिमला किंचित आधी लागेल असं बसवा. डिस्क असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं, दुसरं काही नाही. चेनवर स्प्रे मारतानाही मागची डिस्क झाकलेली हवी.

आता पहिला नियम. वॉशिंग सेंटरवरचा पंप जीपच्या मडगार्डखाली थापलेला चिखल उडवायला असतो. सायकलच्या हबला (चाकाच्या मध्याला), बॉटम ब्रॅकेटला (पेडलचा आस फिरतो त्या जागेला), हेडसेटला (हँडल वळतं त्या सांध्याला) जी रबरी सील असते ती धूळ आणि उडालेले शिंतोडे अडवायला. जोराची धार आडवी बसली की पाणी सील ओलांडून आत जातं, ग्रीस पांढरट होऊन पातळ पडतं आणि बेअरिंग गंजू लागतं. खरखर ऐकू येते ती काही आठवड्यांनी. तोवर धुण्याचा आणि खरखरीचा संबंध कुणी जोडत नाही, दोष सायकलवर जातो. धुतलेली सायकल मात्र फोटोत सुंदर दिसते, आणि म्हणूनच हा सल्ला टिकून आहे.

शिवाय हा नियम सोलापूरसाठी लिहिलेलाच नाही. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे सायकलवर चढते ती कोरडी धूळ. काळ्या मातीची, मुरमाची, डंपरमधून सांडलेल्या कचेची. कोरडी धूळ कोरडीच काढावी. आधी मऊ ब्रशनं झटका, मग किंचित ओल्या फडक्यानं पुसा. एक मगभर पाण्यात अख्खी सायकल होते, आणि ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे ही लहान गोष्ट नाही. फडक्यासाठी जुना सोलापुरी टॉवेल उत्तम. त्याची टेरी कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या जुडग्याच्या, दोन चकत्यांमध्ये ओढली की मळ उचलून आणते.

पाणी लागतं ते पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबरात, तेव्हाच इथे सर्वाधिक पाऊस पडतो. काळी माती ओली झाली की ब्रेकच्या कॅलिपरमध्ये (शू किंवा पॅड दाबणाऱ्या चिमट्यात) आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) आत गच्च बसते, आणि वाळली की टोकरल्याशिवाय निघत नाही. तेव्हा घरी पोचल्याबरोबर धुवा, पण बादली, मग आणि स्पंजनं. पाणी वरून सोडा, बेअरिंगवर आडवं मारू नका. नंतर सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) काढून सायकल उलटी करा, फ्रेममध्ये साचलेलं पाणी गळून जाऊ द्या.

दुसऱ्या नियमात अर्धं खरं आहे. रॉकेल जुनं चिकट तेल खरंच सोडवतं. पण ते मागे स्वतःचा तेलकट थर ठेवतं. पूर्ण उडून जायच्या आत त्यावर नवं तेल घातलं तर ते तेलही पातळ होतं आणि सांध्यात टिकत नाही. म्हणून रॉकेलनंतर साबणाच्या पाण्यानं धुऊन चेन खडखडीत वाळवा, मगच तेल घाला. आणि हे दर रविवारी नाही. चेन काळी चिकट झाली असेल तेव्हाच.

खरी गडबड इंजिन ऑइलमध्ये आहे. इंजिनात ऑइल बंद जागेत फिरतं, फिल्टरमधून गाळून परत येतं. सायकलची चेन उघडी असते, तिला ना झाकण ना फिल्टर. दाट ऑइल बाहेरच्या पट्ट्यांवर राहतं आणि अक्कलकोट रोडची धूळ गोळा करतं. झीज मात्र बाहेर होतच नाही. ती होते आत, जिथे पिन आणि आतली पट्टी एकमेकींवर घासतात. तेलात भिजलेली बारीक कच तिथे शिरली की गॅरेजात व्हॉल्व्ह घासायला वापरतात त्या पेस्टसारखं काम करते, फक्त हे घासणं कुणी मागितलेलं नसतं. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून वापरणाऱ्यांना तर हात जोडून विनंती आहे, त्यात इंजिनाचे झिजलेले धातूचे कण आधीच असतात.

मग काय घालायचं? आपल्या कोरड्या महिन्यांत मेणावर आधारलेलं ड्राय ल्यूब (सायकलच्या चेनचं कोरडं वंगण), पावसात थोडं दाट वेट ल्यूब. चेनच्या खालच्या धावेवर, आतल्या बाजूनं, प्रत्येक रोलरवर (सांध्यावर फिरणाऱ्या छोट्या नळीवर) एक थेंब. पेडल उलटं फिरवत एक फेरी पुरते. रात्रभर तसंच राहू द्या आणि सकाळी निघण्याआधी बाहेरून जितकं पुसता येईल तितकं पुसा. लोक हे पुसणंच गाळतात, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडतो. ल्यूब नसेल तर शिवणयंत्राचं तेल चालेल. गारमेंटच्या या गावात ते कुठेही मिळतं. ते पातळ असल्यानं आत शिरतं, मात्र टिकत कमी असल्यानं वरचेवर घालावं लागतं. खोबरेल नको, ते २४-२५ अंशांखाली गोठतं आणि डिसेंबरच्या पहाटे सोलापूर त्याच्या बरंच खाली असतं. डब्ल्यूडी-४० बद्दलही विचारणा होते. ते १९५३ मध्ये धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनवलं गेलं. ओली चेन सुकवायला ठीक, पण वंगण म्हणून त्याचा थर फार पातळ.

पाचवा नियम यातूनच निकालात निघतो. चेन तुटायची वाट पाहिलीत तर ती एकटी जात नाही. सांधे झिजले की चेन लांबते, दात्यांवर नीट बसत नाही आणि कॅसेट व चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आपल्या मापानं खात जाते. दोन्ही मिळून चेनपेक्षा कितीतरी महाग पडतात. चकाकी पाहून हे कळत नाही, मोजावं लागतं. चेनचा दर पिन-टू-पिन टप्पा अर्ध्या इंचाचा असतो, म्हणजे २४ टप्पे बरोबर १२ इंच, ३०४.८ मिलिमीटर. चेन ताणून धरा, पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा आणि चोविसावा टप्पा संपतो ती पिन पाहा. ती दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर झीज अर्धा टक्का झाली. ११ आणि १२ स्पीडची (मागे ११ किंवा १२ चकत्या असलेल्या सायकलची) चेन इथेच बदलायची. १० किंवा त्याहून कमी स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे साधारण सव्वादोन मिलिमीटरपर्यंत थांबता येतं. मेजर टेप घरोघरी असते, महिन्यातून एकदा हे बघायला वेळही लागत नाही.

तिसऱ्या, हवेच्या नियमाचं थोडक्यात. टायरवरचा आकडा कमाल मर्यादेचा आहे, शिफारशीचा नाही. २५ मिलिमीटरचा टायर आणि सत्तर किलोच्या आसपासचा माणूस असेल तर ८० ते ९० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरपूर होतात. होटगी रोडसारख्या उखडलेल्या पट्ट्यांवर टणक टायर नुसता उड्या मारतो, वेग त्यातच जातो. आणि उन्हाळ्यात आणखी एक धोका. पहाटे २५ अंशांना १०० पीएसआय भरलेला टायर दुपारी उन्हात ६० अंशांपर्यंत तापला तर आतला दाब ११३ च्या घरात जातो. जो कमाल आकड्यापर्यंत भरून निघाला, तो तेव्हा कमाल ओलांडून बसलेला असतो. त्यापेक्षा निघण्याआधी टायरवरून फडकं फिरवा आणि अडकलेला बाभळीचा काटा आत घुसायच्या आधी काढा.

या मजकुरात नसलेली, पण सोलापुरात सगळ्यात आधी लिहायला हवी होती ती गोष्ट म्हणजे घाम. एप्रिल-मेमध्ये हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन आलं तरी टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या दांड्यावर), स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) बोल्टांवर, हेडसेटच्या टोपीवर मीठ वाळलेलं दिसतं. पाऊस न लागताही सायकल गंजते ती अशी. घरी आल्यावर तेवढ्या जागा ओल्या फडक्यानं पुसून कोरड्या करा. हँडलबारची टेप उन्हाळा संपल्यावर एकदा पूर्ण सोडवा. खालच्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे पडलेले दिसले तर नवी टेप गुंडाळू नका, हँडलबारच बदला.