नेट स्वस्त आहे, मान्य. पण कमीत कमी किती, ते लिहून कोण देणार?

भारतात एक जीबी डेटा जगात सगळ्यात स्वस्त, असा काहीतरी आकडा कुणीतरी फिरवतं की आमच्या घरात लगेच दोन पार्ट्या पडतात. सांगलीतली मंडळी म्हणतात बघा, तुमच्या जर्मनीला मागं टाकलं, आणि इकडं परदेशात बसलेली आमच्यासारखी माणसं म्हणतात अरे लाईट गेली की नेट गेलं, पाऊस आला की नेट गेलं, जेसीबी आला की नेट गेलं, कसलं स्वस्त घेऊन बसलाय. मी स्टुटगार्टजवळ राहतो, आई-बाबा सांगलीत विश्रामबागला, मामाची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात, त्यामुळं हा वाद मला दोन्हीकडनं ऐकायला लागतो. आणि मला मनापासून वाटतं की सगळे भलत्याच गोष्टीवर भांडतायत.

आधी सांगलीकरांचं जे खरं आहे ते सांगतो, कारण इकडं आलेली माणसं ते पटकन विसरतात. २००५ साली बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं तेव्हा २५६ केबीपीएसला आपण फास्ट म्हणायचो, एक गाणं उतरवायला लावून जेवायला बसायचो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, त्याआधी एक जीबीला दोनशेच्या वर रुपये जायचे आणि त्यानंतर काही महिन्यांत सगळ्याच कंपन्यांचे दर पार खाली आले. आज विश्रामबागेत बाबांकडं घरापर्यंत फायबर, म्हणजे काचेची तार आहे. आणि माझ्याकडं, जिथं गाड्यांचे एवढे मोठे कारखाने आहेत त्या भागात, अजून तांब्याच्या टेलिफोन तारेवरनं नेट येतं, ५० एमबीपीएस (एक एमबीपीएस म्हणजे हजार केबीपीएस), महिना ४० युरो. १९८१ मध्ये इथल्या चॅन्सेलर श्मिट यांच्या सरकारनं देशभर फायबर टाकायचं ठरवलं होतं, मग कोल चॅन्सेलर झाले आणि टीव्हीच्या तांब्याच्या केबलला जोर दिला, आणि पुढं कित्येक वर्षं जुन्या तारेतनंच जास्तीत जास्त पिळून काढायचं काम चाललं. २०१३ मध्ये चॅन्सेलर मर्केल ओबामांच्या शेजारी उभं राहून इंटरनेट आपल्या सगळ्यांसाठी नवा प्रदेश आहे असं म्हणाल्या होत्या, लोकं इथं अजून ते काढतात. तर स्पीडमध्ये सांगलीतलं घर पुढं आहे, यात वाद नाही.

स्वस्ताचं मात्र मला तेवढं पटत नाही. ६०० चा प्लॅन घेतला तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०८. कुपवाड एमआयडीसीत कुणाला पंधरा हजार पगार असेल तर पगाराचे जवळजवळ पाच टक्के नुसत्या वायफायला गेले, घरातल्या मोबाईलचे रिचार्ज वेगळेच. इथं हातात अडीच हजार युरो पडणाऱ्या माणसाचे ४० युरो म्हणजे दोन टक्केसुद्धा होत नाहीत, आणि त्यात टॅक्स धरलेला असतो. युरोचे रुपये करून तुलना करणं बरोबर नाही, ज्याच्या खिशातनं जातं त्याच्या खिशाकडं बघून तुलना केली पाहिजे.

आता दुरुस्तीचं बोलू, कारण माझं मत तिथंच बनलं. गेल्या पावसाळ्यात मी घरी होतो, रात्री नऊच्या सुमाराला डब्यावरची लाल लाईट लागली. बाबांनी कॉल सेंटरला वगैरे फोन केलाच नाही, डायरेक्ट केबलवाल्या पोराला लावला आणि तो तासाभरात आला, मोटरसायकलवर, सॅकमध्ये स्प्लायसिंगचं, म्हणजे तुटलेली फायबर जोडायचं मशीन. आमच्या गेटसमोर लाईटच्या खांबाला शिडी लावून वर चढला, पाऊस भुरभुरतोय, पट्टा नाही, हातमोजे नाहीत, मोबाईलचा टॉर्च दातात धरलेला. तुटलेली तार खाली आणली, वरचं प्लॅस्टिक सोलून आतली केसाएवढी काच स्पिरिटनं पुसली, दोन्ही टोकं नीट छाटून मशीनमध्ये ठेवली, बारक्या स्क्रीनवर ती टोकं एकमेकांसमोर येताना दिसली आणि एका ठिणगीत जुळली. वरनं स्लीव्ह चढवून गरम केली, झालं, हिरवी लाईट. आई चहा घे म्हणाली तर थांबला नाही, अजून तक्रारी होत्या. जाताजाता एवढंच कळलं की त्याला महिन्याचा पगार नाही, तक्रारीमागं पैसे मिळतात.

जर्मनीत माझी लाईन बंद पडली तेव्हा टेक्निशियनची तारीख जवळजवळ दोन आठवड्यांनी मिळाली, आणि त्या दिवशी सकाळी ८ ते १२ घरी थांबा म्हणून सांगितलं. हे ऐकून आमचे सांगलीतले चुलतभाऊ खूश होतात आणि त्यांचं खूश होणं बरोबर आहे, तासाभराची सर्व्हिस ही मोठीच गोष्ट आहे. पण ती सर्व्हिस कशाच्या जोरावर उभी आहे तर बिनपट्ट्याचा पोरगा भर पावसात विजेच्या खांबावर चढतो त्याच्या जोरावर, कंपनीनं कागदावर कसलंच वचन दिलेलं नाही. उद्या तो पडला, किंवा कंटाळून पुण्याला निघून गेला, तर बाबांच्या हातात काय राहतं?

इथं माझ्या हातात काय होतं ते सांगतो. डिसेंबर २०२१ पासून इथल्या कायद्यात आहे की लाईन पूर्ण बंद पडल्याची तक्रार केल्यावर दोन दिवसांत दुरुस्त झाली नाही तर तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे कमीत कमी ५-५ युरो आणि पाचव्या दिवसापासून रोजचे कमीत कमी १० युरो कंपनीनं ग्राहकाला द्यायचे. मला त्या महिन्यात बिलापेक्षा जास्त पैसे परत मिळाले. आणि नुसतं बंद पडल्यावरच नाही, लाईन हळू चालली तरी. करारात जास्तीत जास्त किती, नेहमी किती आणि कमीत कमी किती असे तीन आकडे लिहून द्यायला लागतात, हा अख्ख्या युरोपचा २०१५ चा नियम आहे. सरकारी ॲपवर ठरवून दिलेल्या पद्धतीनं वेगवेगळ्या दिवशी मोजायचं, आणि स्पीड वारंवार कमी भरला तर जेवढा कमी तेवढं बिल कमी, नाहीतर करार मोडायचा हक्क. २०२२ मध्ये तर कुठल्याही घराला कमीत कमी १० एमबीपीएस मिळालंच पाहिजे असं ठरवलं, पुढं ते १५ केलं. १५ म्हणजे काही फार नाही, पण तो आकडा खालचा आहे, त्याच्या खाली जायचं नाही.

आपल्याकडं काय आहे? ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्या २०१३ ला ५१२ केबीपीएस होती, २०२३ ला ती २ एमबीपीएस केली. आणि प्लॅनवर लिहिलेलं असतं "१०० एमबीपीएस पर्यंत". दूधवाला म्हणाला मी रोज लिटरपर्यंत दूध घालतो, तर आपण त्याला लिटरचे पैसे देऊ का? नेटला देतो.

त्यात राउटरची एक वेगळीच गोष्ट आहे. प्लॅनबरोबर फुकट म्हणून जो डबा मिळतो तो बऱ्याचदा सिंगल बँड, म्हणजे नुसत्या २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यावर चालणारा असतो, अपार्टमेंटमध्ये आजूबाजूच्या सगळ्यांचे तसलेच, एकमेकांत घुसतात, मग खोलीत मोबाईलवर तीस-चाळीस मिळालं तरी नशीब. लोकं म्हणतात नेट बोगस आहे, ऑपरेटर म्हणतो माझ्याकडनं शंभर येतंय, आणि दोघंही खरं बोलत असतात. बाबांनी शेवटी दुकानातनं ड्युअल बँड आणला आणि लाईट गेल्यावर राउटर चालू ठेवणारा छोटा यूपीएस आणला, हा मिनी यूपीएस इथल्या माझ्या जर्मन मित्रांना कशासाठी असतो तेच कळेना. म्हणजे प्लॅन स्वस्त, पण तो प्लॅन नीट वापरायला लागणारं सामान ग्राहकानं स्वतःच्या पैशानं भरायचं. इथं २०१६ पासून कायद्यानं राउटर आपल्या पसंतीचा लावता येतो, पण कंपनीनं तारेवर किती द्यायचं तो आकडा कागदावर आहेच, त्यामुळं दोष डब्याचा की तारेचा हे लगेच कळतं.

हे सगळं पोरांच्या गेम आणि पिक्चरपुरतं असतं तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. मामाचं बघा. ऑक्टोबर छाटणी झाली, फुटवे निघाले आणि मध्येच ढगाळ हवा, पाऊस पडला की डावणी या बुरशीच्या रोगाची भीती, पानाच्या खालच्या बाजूचा फोटो काढून सल्लागाराला पाठवायचा आणि त्याचं उत्तर आलं की त्याच दिवशी फवारणी, एक दिवस चुकला तर घडच्या घड जातात. आणि नेमका पावसातच मळ्यावर रेंजचा एक दांडा. फोटोवरचं ते चक्र फिरतंय फिरतंय, मग मामा गाडी काढून रस्त्यावर येतो आणि तिथनं पाठवतो. जाहिरातीत सगळे डाउनलोड सांगतात, मामाला लागतो अपलोड, तो कुणी सांगतच नाही. भारतनेट २०११ ला मंजूर झालं, अडीच लाख ग्रामपंचायती फायबरनं जोडायच्या, २०२३ ला त्याला अजून १ लाख ३९ हजार कोटी मंजूर केले, चांगलंच आहे, पण ग्रामपंचायतीपासनं मळ्यापर्यंतचं अंतर हेच खरं अंतर आहे.

आणि २०१९ च्या ऑगस्टातला सांगलीचा महापूर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५, आत्या सांगलीच्या गावभागात, आणि मी इथं रात्रभर फोन हातात धरून बसलेलो. पाण्यामुळं लाईट बंद केलेली, त्यामुळं फोन चार्ज करायची सोय नाही, शेवटचा मेसेज "वरच्या मजल्यावर आहोत", पुढं काही नाही. त्या रात्री मला १०० एमबीपीएस नको होतं, दोन शब्द येतील एवढं नेट हवं होतं, पण नक्की येणारं.

ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, थोडं काही केलंय, ते पण सांगितलं पाहिजे. २०२४ च्या नियमांत जिल्हाभर २४ तासांपेक्षा जास्त मोबाईल सेवा बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला व्हॅलिडिटी वाढवून द्यायची तरतूद आहे. बरोबर दिशा आहे. पण घरातलं वायफाय रोज संध्याकाळी अर्ध्यावर येत असेल तर त्याचं काय? आणि दर पडले ते भरपूर कंपन्या एकमेकींशी भांडत होत्या म्हणून पडले. आता मोबाईलमध्ये तीन खाजगी आणि एक बीएसएनएल उरलंय, २०२४ च्या जुलैत तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, लोकं चार दिवस बोलली आणि रिचार्ज मारले, दुसरं करणार काय. स्वस्ताई ही कंपनीच्या मर्जीवर आहे, तिच्यावर छाती फुगवून उपयोग नाही, हक्क कागदावर असला तर तो दर वाढल्यावर पण राहतो.

म्हणून चुलतभावांना माझं एकच सांगणं आहे. पुढच्या वेळी वर्षाचे पैसे भराल तेव्हा ऑपरेटरकडनं कमीत कमी किती स्पीड, डाउनलोड आणि अपलोड दोन्ही, ते मेसेजवर का होईना लिहून मागा. वायफायवर नाही, लॅपटॉपला वायर लावून मोजा आणि स्क्रीनशॉट ठेवा. केबलवाल्या पोराला फोन जरूर करा, पण कंपनीत तक्रार नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, पण घ्या, तो नसला तर कंपनीच्या लेखी तुमचं नेट कधी बंद पडलंच नाही. तिथं काही झालं नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं, त्यानं ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलंय की टेलिकॉम कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. आपल्या जिल्ह्याचा आयोग सांगलीतच आहे, आणि तिथं गेल्यावर पहिला प्रश्न हाच येणार की तुम्हाला नक्की किती कबूल केलं होतं.