लाल महालातला खान

बायकोची मावसबहीण दुबईला गेली आणि तिचा पर्शियन बोका पुण्यात, आमच्या दोन खोल्यांत आला. "काही त्रास नाही हो भावोजी, झोपलेलाच असतो. फक्त रोज थोडं विंचरायचं." त्या 'फक्त'मध्ये मी फसलो.

नाव मीच ठेवलं, शाहिस्तेखान. घराणं मूळचं इराणचं, मुक्काम पुण्यात, आणि यजमानाला न विचारता गादीवर कब्जा.

"ह्याच्या तोंडावर कुणी दार आपटलंय का रे?" आईने विचारलं. चपटं नाक खानदानी असतं, असं मी सांगितलं. पण त्या खानदानापायी डोळे सतत गळतात, रोज कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसले नाहीत तर गालांवर तपकिरी ओघळ. खोल वाटीत तोंड पोचत नाही म्हणून पसरट बशी. आईने मायेने त्याच बशीत दूध ओतलं. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही, हे ज्ञान मला रात्री तीन वाजता वाळू उपसताना झालं.

सतराव्या शतकात पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी इराणात अशी लांब केसांची मांजरं पाहून भाळला. पुढे तो गोव्यालाही येऊन गेला. भाळणाऱ्याला विंचरावं लागत नाही.

मी आठवडाभर चुकारपणा केला आणि खानाच्या काखेत लिंबाएवढी जट झाली. कात्री उचलली तर डॉक्टर फोनवर ओरडले, "हात लावू नका! कातडी पातळ असते, जटेबरोबर वर ओढली जाते. केस म्हणून कातडंच कापाल." मग जटेवर कॉर्नफ्लोअर भुरभुरवलं (बायको म्हणे, आता आलं-लसूण नको लावूस) आणि बोटांनी एकेक केस सोडवत बसलो. चार केस खानाने सोसले. पाचव्याला १६६३ सालचा हिशेब चुकता झाला. तेव्हा खानाची तीन बोटं गेली होती. आता माझ्या तीन बोटांना पट्ट्या.

शेवटी दवाखान्यात मशीन फिरलं. मानेभोवती आयाळ आणि शेपटीला गोंडा तेवढा ठेवला. टेबलावरचा केसांचा ढीग बोक्यापेक्षा मोठा होता.

घरी आल्यावर आईने चष्मा लावून त्याला नीट न्याहाळलं.

"अगंबाई, आत आपला साधा बोकाच होता की!"

खान पाठ फिरवून माझ्या उशीवर जाऊन बसला.