हुसकावायचं कोणाला?

‘कुठल्याही काळ्या चिकट मातीत जिप्सम टाका, लॉन भुसभुशीत होईल’ हे लॉनच्या मातीवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमला हुसकावतं, म्हणून ते चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीत चालतं. सोडियमच जास्त नसेल तर हुसकावायचं कोणाला? आम्ही सांगलीत दोन वर्षं लॉनवर जिप्समची पोती रिकामी केली. उन्हाळ्यात भेगा तशाच, बोट जाईल एवढ्या! शेवटी माती तपासली तर सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) 7.9 आणि सोडियम बेताचंच. मग कुजलेलं शेणखत घातलं, ओल्या लॉनवर फिरणं बंद केलं, तेव्हा कुठे खुरपं आत जायला लागलं.

याउलट भावाच्या नदीकाठच्या मळीत सामू 9 च्या वर, म्हणजे चोपणच. तिथे जिप्सम लागू पडलं, पण चर काढल्यावरच. सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर बाहेर जायला वाट नको का? लेखात निचऱ्यातला ‘नि’ही नाही. आणि पोतं आणण्याआधी एक करा: वाळलेलं ढेकूळ पावसाच्या पाण्याच्या ग्लासात सोडा, ढवळू नका. ते नुसतं फुटून तळाशी बसलं आणि पाणी नितळ राहिलं, तर पैसे शेणखतावर घाला. भोवती दुधाळ ढग पसरला, तर सोडियम जास्त असू शकतं; माती प्रयोगशाळेत न्या.