माझदाचा हट्ट आणि त्याचे बिल

ज्या जपानी कंपनीची एकही मोटार भारतातल्या शोरूममध्ये कधी उभी राहिली नाही, तिच्यावरून नाशिकच्या कॉलेज रोडवरील आमच्या कट्ट्यावर रात्री दुकाने बंद होईपर्यंत वाद चालला, याचे मूळ स्वराज माझदाच्या मिनीबसमध्ये आहे. त्या मिनीबसमधून शाळेच्या सहलीला गेलेली एक पिढी महाराष्ट्रात आहे आणि माझदा हे नाव तिला तेवढ्यापुरतेच ठाऊक आहे. पंजाबातील त्या कारखान्यात 1980 च्या दशकात माझदाचे तंत्रज्ञान आले, पुढे माझदा बाहेर पडली, 2011 मध्ये कंपनीच्या नावातूनही ती गेली आणि 2025 मध्ये ती कंपनी महिंद्राच्या ताब्यात आली, इतके नानांनी सांगितले. तेवढ्यावर ते थांबले असते तर काहीच झाले नसते. परंतु त्यांची सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेलेली असल्यामुळे त्यांनी शेवटी अशी पुस्ती जोडली, की माझदा ही स्वतःच्या हौशी दुसऱ्याच्या पैशाने भागवणारी कंपनी आहे आणि तिचे नाव उगीच मोठे झाले आहे.

बाळूला हे सहन होणे शक्यच नव्हते. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळणाऱ्या या माणसाला माझदाविषयी जी भक्ती आहे ती रोटरी इंजिनामुळे आहे. “नाना, तुम्ही ताळेबंद वाचता, पण कंपनी कुठल्या गावात उभी आहे ते कधी बघता का?” असे विचारून त्याने थेट हिरोशिमापासून सुरुवात केली.

1920 मध्ये ही कंपनी बुचाच्या वस्तू बनवण्यासाठी हिरोशिमात स्थापन झाली, लवकरच जुजिरो मात्सुदा यांनी तिची सूत्रे हाती घेतली आणि 1931 मध्ये ‘माझदा-गो’ ही तीनचाकी मालवाहू गाडी बाजारात आली. युद्धकाळात तिने रायफलीही बनवल्या, हे बाळू सांगणार नाही असे वाटून शिरीषने ते मध्येच सांगून टाकले. 6 ऑगस्ट 1945 रोजी मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता आणि त्याच सकाळी त्यांच्या शहरावर अणुबाँब पडला. कारखाना शहरालगतच्या फुचू येथे, स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर होता. मध्ये हिजियामा ही टेकडी असल्याने तो बऱ्याच अंशी वाचला. शहरातल्या सरकारी इमारती नष्ट झाल्या होत्या, त्यामुळे त्याच महिन्यात संपूर्ण प्रांताचा कारभार या कारखान्याच्या इमारतीत हलवण्यात आला आणि पुढच्या वर्षीच्या मध्यापर्यंत तो तिथूनच चालला. डिसेंबर 1945 मध्ये तीनचाकी गाड्यांचे उत्पादन पुन्हा सुरूही झाले. ज्या कंपनीच्या आवारात बसून सरकारने कारभार केला, तिच्याकडे ते गाव केवळ धंदा म्हणून कसे पाहील, असा बाळूचा प्रश्न होता. नानांनी मान डोलावली. पण गावाचे प्रेम म्हणजे मोटारीची गुणवत्ता नव्हे, हेही त्यांनी लगेच सुनावले.

मग गाडी रोटरीवर आली आणि इथे बाळू खरा खुलला. या इंजिनात पिस्टन वरखाली होत नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर लंबगोलाकार घरात फिरतो आणि त्याची तिन्ही टोके भिंतीला सतत चिकटून राहतात, त्यामुळे व्हॉल्व लागत नाहीत, सुटे भाग कमी होतात आणि इंजिन लहान असूनही ताकद भरपूर देते. फेलिक्स वांकेल यांची ही कल्पना जर्मनीतील एनएसयू कंपनीने विकसित केली होती आणि माझदाने 1961 मध्ये तिचा परवाना घेतला. नानांच्या मते हाच तो हौशीचा पहिला हप्ता. परंतु या मुद्द्यावर मला बाळूची बाजू अधिक पटते. त्या काळी जपानचे उद्योग मंत्रालय मोटार कंपन्यांची संख्या कमी करून थोड्याच मोठ्या कंपन्या ठेवण्याच्या विचारात होते आणि हिरोशिमातील ही त्यामानाने लहान कंपनी कोणाच्या तरी पोटात जाण्याची शक्यता होती. इतर कोणाजवळ नाही असे काहीतरी हाती असल्याशिवाय आपण स्वतंत्र राहणार नाही, हा कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांचा हिशेब होता, आणि त्याला हौस म्हणणे अन्यायाचे आहे.

परवाना मिळाला, पण इंजिन चालेना. काही तास फिरवले की घराच्या आतल्या चकचकीत भिंतीवर लाटांसारख्या आडव्या रेघा उमटत आणि माझदातील लोक त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. बाळूने याचे जे वर्णन केले ते टूलरूममधल्या माणसानेच करावे असे होते. लेथवर टूल सैल धरले गेले, की ते थरथरते आणि जॉबवर चॅटरच्या रेघा येतात. हात फिरवला तर त्या बोटाला लागतात, आणि टूल कितीही धारदार असले तरी थरथर थांबल्याशिवाय त्या जात नाहीत. रोटरच्या टोकावरील सीलचेही, म्हणजे टोक आणि भिंत यांतली फट बंद ठेवणाऱ्या पट्टीचेही, तसेच होत होते. अभियंते केनइची यामामोतो यांच्या हाताखालच्या तुकडीत सुरुवातीला 47 जण होते, त्यामुळे जपानी इतिहासातल्या 47 रोनिन, म्हणजे धनी गमावलेल्या, योद्ध्यांशी त्यांची तुलना आजही होते. दोष धातूच्या कडकपणात नसून सीलच्या कंपनात आहे हे या मंडळींनी ओळखले, टोकाजवळ आडवी-उभी छिद्रे पाडून ती कंपने मोडली आणि विक्रीच्या गाडीसाठी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचे सील तयार करवून घेतले. मे 1967 मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ विक्रीला आली. त्याच वर्षी खुद्द एनएसयूने आपली ‘आरओ 80’ आणली, तिची इंजिने सीलपायी बिघडत राहिली, हमीपोटी ती बदलून देण्याचा खर्च वाढत गेला आणि 1969 मध्ये एनएसयू फोक्सवागनच्या समूहात विलीन झाली. शिकवणारा बुडाला आणि शिकणारा तरला, असे बाळूने जरा चढ्या आवाजात सांगितले.

“तरला कुठे? सहा वर्षांनी बुडालाच की!” नाना म्हणाले, आणि त्यांचा हा वार वर्मी बसला. 1973 च्या तेलसंकटापर्यंत माझदाने आपल्या बहुतेक गाड्या रोटरीवर नेण्याचा सपाटा लावला होता. अमेरिकेचे प्रदूषणाचे कडक निकष हे इंजिन पाळत असे. पण त्यासाठी न जळालेले इंधन एक्झॉस्टमध्ये जाळावे लागे, म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त सोडावे लागे. अमेरिकी सरकारच्या चाचणीत या गाड्या शहरात गॅलनला जेमतेम दहा-अकरा मैल जातात असे दिसले. हा हिशेब लिटरला साडेचार किलोमीटरच्या आसपास पडतो. पेट्रोलपंपांवर रांगा लागलेल्या असताना अशी गाडी कोण घेणार? त्यातही कळस म्हणजे 1974 मध्ये माझदाने चक्क 26 आसनी मिनीबसमध्ये रोटरी इंजिन बसवून ती विकायला काढली. हे ऐकून नानांना इतके हसू आले, की चहाचा कप खाली ठेवावा लागला. ‘आपल्या सहलीची मिनीबस डिझेलवर होती ही देवाचीच कृपा’, असे ते म्हणाले.

पुढचा भाग मात्र नानांनी गंभीरपणे आणि अधिकाराने सांगितला. 1975 मध्ये कंपनी मोठ्या तोट्यात गेली, तेव्हा तिला सावरायला सुमितोमो बँक उभी राहिली. बँकेने आपली माणसे कंपनीत बसवली, मात्सुदा घराण्याच्या तिसऱ्या पिढीतील कोहेई मात्सुदा यांना 1977 मध्ये अध्यक्षपद सोडावे लागले आणि 1979 मध्ये फोर्डने सुमारे 25 टक्के हिस्सा घेतला. कामगारांची सरसकट कपात झाली नाही. परंतु कारखान्यात यंत्रावर उभ्या राहणाऱ्या हजारो माणसांना गाड्या विकण्यासाठी देशभरच्या विक्री केंद्रांवर पाठवण्यात आले. ज्याने आयुष्यभर नट आवळले त्याने अनोळखी गावात दारोदार फिरून मोटारी विकायच्या, हा त्या हट्टाचा खर्च होता आणि तो यामामोतोंनी किंवा मात्सुदांनी नव्हे, तर त्या माणसांनी भरला, असे नानांचे म्हणणे होते. कट्ट्यावर याला उत्तर देणारा कोणी नव्हता आणि माझ्यापाशीही ते नाही. बाळू एवढेच म्हणाला, की त्याच 1975 मध्ये हिरोशिमाच्या व्यापाऱ्यांनी ‘माझदाच घ्या’ अशी मोहीम चालवली आणि कंपनीचे जुने ‘तोयो’ हे नाव मिरवणाऱ्या तिथल्या ‘कार्प’ बेसबॉल संघाने त्याच वर्षी पहिल्यांदा आपल्या लीगचे विजेतेपद मिळवले. नानांना बेसबॉलमध्ये रस नव्हता.

रायफलींचे ते एक वाक्य सोडले तर इतका वेळ शिरीष गप्प होता. तो काही वर्षे मेलबर्नला नोकरीला होता. तिथे माझदा म्हणजे कौतुकाची नव्हे, तर रोजच्या वापराची गाडी आहे. 2011 आणि 2012 मध्ये ऑस्ट्रेलियात सर्वाधिक खपलेली मोटार ‘माझदा 3’ हीच होती, आणि ती घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रोटरीचे नावही ऐकले नसेल. कंपनीला सावरले कोणी, हा त्याचा प्रश्न होता. 1978 ची रोटरीवरची ‘आरएक्स-7’ गाजली हे खरे, तिच्या पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक गाड्या गेल्या. पण घर चालवले ते 1980 च्या ‘फॅमिलिया’ने, म्हणजे साधे पिस्टनचे इंजिन असलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कुटुंबाच्या गाडीने. त्या वर्षी सुरू झालेल्या जपानच्या ‘कार ऑफ द इयर’ पुरस्काराची पहिली मानकरी हीच गाडी होती.

यावर बाळूने 1991 ची ल मां काढली. 24 तासांची ती शर्यत जिंकणारी पहिली जपानी कंपनी माझदा होती, चार रोटरच्या, नारिंगी-हिरव्या ‘787बी’ने 362 फेऱ्या मारल्या, शेवटचा टप्पा चालवणारा जॉनी हर्बर्ट पाण्याअभावी इतका थकला की विजयमंचावरही जाऊ शकला नाही आणि टोयोटाला तिथे जिंकायला 2018 उजाडावे लागले, हे सगळे त्याला मुखोद्गत आहे. शिरीषने शांतपणे विचारले, “अरे, वजनाचे का सांगत नाहीस?” माझदाने आपल्या गाडीसाठी 830 किलो वजनावर धावण्याची सवलत पदरात पाडून घेतली होती, तर मर्सिडीज आणि जॅग्वार यांना 1,000 किलो वजन वाहावे लागत होते, शिवाय आघाडीवरची मर्सिडीज शेवटच्या तीन-साडेतीन तासांत बिघडली. बाळूचे उत्तर असे, की नियम वाचून सवलत मिळवणे हीसुद्धा शर्यतच आहे. मला दोघेही बरोबर वाटतात.

पण माझदाची अब्रू सर्वांत जास्त कशाने गेली, या प्रश्नाला रोटरी हे उत्तर नाही, असे माझे मत आहे आणि मी ते मांडल्यावर दोन्ही पक्ष माझ्यावर तुटून पडले. 1989 च्या सुमारास, जपानी तेजीच्या ऐन भरात, टोयोटा आणि निस्सान यांची बरोबरी करण्यासाठी माझदाने देशात पाच वेगवेगळ्या विक्री साखळ्या उभ्या केल्या, जवळजवळ एकाच गाडीला निरनिराळी नावे दिली आणि तेजीचा फुगा फुटल्यावर माल खपवण्यासाठी भरमसाट सवलती द्यायला सुरुवात केली. त्यातून ‘माझदा नरक’ हा शब्दप्रयोग जपानी ग्राहकांच्या तोंडी बसला. स्वस्तात माझदा घ्यावी, ती विकायला जावे तर इतर कोणी तिला भाव देत नाही, बरी किंमत फक्त माझदाचाच विक्रेता देतो, म्हणून पुन्हा माझदाच घ्यावी, आणि या फेऱ्यातून सुटका नाही. 1996 मध्ये फोर्डने आपला हिस्सा 33.4 टक्क्यांवर नेला आणि हेन्री वॉलेस हे एखाद्या मोठ्या जपानी मोटार कंपनीचे पहिले परदेशी अध्यक्ष झाले. रोटरीच्या पायी माझदा कर्जात बुडाली, पण तिची टर उडाली नाही. ती उडाली दुसऱ्यांसारखे होण्याच्या नादात. नानांनी हा फरक मान्य केला नाही. बँकेच्या दृष्टीने थकलेले कर्ज हे थकलेले कर्जच असते, असे ते म्हणाले.

2008 पासून फोर्डने हिस्सा विकायला सुरुवात केली आणि 2015 पर्यंत ती पूर्ण बाहेर पडली. त्या एकटेपणाच्या काळात माझदाने पेट्रोल इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, 14 पर्यंत चढवले आणि डिझेलचे 14 पर्यंत उतरवले, तेव्हा पुन्हा हट्टच कामाला आला, असे बाळूचे म्हणणे. 2020 मध्ये अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’च्या विश्वासार्हतेच्या यादीत माझदा टोयोटाच्याही वर, पहिल्या क्रमांकावर होती, हे शिरीषने सांगितले. 2012 मध्ये बंद झालेल्या रोटरीवरच्या ‘आरएक्स-8’च्या इंजिनांची हमी अमेरिकेत आठ वर्षांपर्यंत वाढवावी लागली होती, हेही त्यानेच सांगितले. 2017 पासून टोयोटाकडे माझदाचे सुमारे पाच टक्के भाग आहेत, आणि 2023 मध्ये रोटरी परतली ती चाके फिरवण्यासाठी नव्हे, तर ‘एमएक्स-30’मध्ये बॅटरीसाठी वीज तयार करणारे 830 सीसीचे एकच रोटर म्हणून. जनित्राला गाडीसारखे क्षणोक्षणी वेग बदलत पळावे लागत नाही, त्यामुळे रोटरीची पेट्रोलची भूक तिथे आवाक्यात राहते, असे बाळूने समजावले.

नानांनी ते ऐकून घेतले, पण कौल दिला नाही. पाच वर्षे वापरलेली माझदा आज मेलबर्नमध्ये काय भावाने जाते आणि तेवढ्याच वयाची टोयोटा काय भावाने जाते, हे दोन आकडे तिथल्या मित्रांकडून मागव, मग बोलू, असे त्यांनी शिरीषला बजावले. शिरीषने तिथेच फोन काढून संदेश टाकला.