एका घासाला किती?

मे संपत आला की आमच्या घरी आगोटीची बेगमी होते. पाव किलो सोडे, वीसेक सुके बोंबील, अर्धा किलो जवळा, म्हणजे ती इवलीइवलीशी सुकी कोळंबी. परवा हे सगळं घेऊन मी लिफ्टमध्ये शिरलो आणि मागोमाग सातव्या मजल्यावरचे काका शिरले. पिशवीत पिशवी, आत वर्तमानपत्र, वर सुतळीची गाठ. पण सुक्या मासळीला लपता येत नाही.

हे काका तीन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडून कोळंबीच्या लोणच्याची बरणी हक्काने नेत. रिकामी बरणीसुद्धा परत येत नसे. मग ते कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि अहिंसक झाले. जन्माचा शाकाहारी बिचारा नाक दाबून आपल्या मजल्यावर उतरतो. सोडलेल्याचा जाच फार.

"काय आहे रे?"

"जवळा, काका. अर्धा किलो."

"म्हणजे किती जीव?"

हा प्रश्न मला आजवर कोळणीनेही विचारलेला नाही. ती फार तर "वाटा देऊ की किलोने?" विचारते. काकांनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला.

"धर, दहा ग्रॅमला शंभर. अर्ध्या किलोचे पाच हजार. पाच हजार! आणि बोकड कापला तर?"

"एक."

"त्यात माणसं जेवतात पन्नास. आता तुझा घास काढू."

चौथ्या मजल्यावर दार उघडलं. बाहेरच्या वहिनींनी आत डोकावून, हुंगून, "मी येते मागून," म्हटलं. काकांचं लक्ष नव्हतं. सातवा आला तरी ते उतरेनात. एक पाय दारात, एक पाय लिफ्टमध्ये, लिफ्ट टँव टँव करतेय आणि हे भागाकार करतायत.

"घासाला पन्नास! अरे, त्यापेक्षा मटण खा."

"काका, तुम्ही मला मटण खायला सांगताय?"

"मी सांगत नाही. हिशेब सांगतोय."

मग मीही पेटलो. रोज संध्याकाळी यांच्या गॅलरीतून ती विजेची रॅकेट तडतडत असते. म्हटलं, "आणि डास?"

"ते रक्त पितात," काका शांतपणे म्हणाले. "मांसाहारी आहेत ते."

आणि कबुतरं! २०२५ साली दादरच्या कबूतरखान्यावर ताडपत्री पडली तेव्हापासून तिथली सगळी मंडळी दत्तक घेतल्यासारखी हे गॅलरीत ज्वारी टाकतात. जेवण सातव्यावर, बाळंतपण नवव्यावर, माझ्या एसीच्या मागे. दोन अंडी आहेत म्हणून मी भर मे महिन्यात पंख्याखाली झोपतोय. याचं पुण्य कुणाच्या खात्यावर जातं, ते त्या कॅल्क्युलेटरला विचारायला हवं होतं.

रात्री ग्रुपवर मेसेज आला : 'काही सदस्य लिफ्टमध्ये दुर्गंधी पसरवतात.' काही सदस्य म्हणजे मी एकटा. अकरा वर्षं मेंटेनन्स वेळेवर भरतोय. खाली अठरा अंगठे. त्यातले तिघे गटारीला माझ्याच गच्चीवर असतात, त्यांची नावं मी लिहून ठेवली आहेत. निसर्गाशी मैत्री वगैरे मलाही कळते हो. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी. मासळीच्या विणीचा काळ. कोळी बोटी शाकारून बसतात. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय दर्याला हात लावायचा नाही, ही त्यांची जुनी रीत. तेवढे दिवस भागावेत म्हणून तर ही पिशवी! पण ग्रुपवर एवढं टाइप कोण करणार? मी 'ओके' लिहिलं.

आणि त्यावरही काकांनी नमस्काराचा हात टाकला.

मग जेवायला बसलो. कांद्यावर परतलेला जवळा, दोन आमसुलं, तांदळाची भाकरी. पहिला घास उचलला आणि त्यात बारीक काळे ठिपके दिसले. इतकी वर्षं मला ती मिरपूड वाटत होती. डोळे होते ते. जोडीजोडीने.

सत्तेचाळीसपर्यंत मोजले तेव्हा बायको म्हणाली, "भाकरी गार होतेय."